काट्यावर न चढलेलं पोतं

१

प्रफुल रामटेके मेला तेव्हा गावात माणूस म्हणून नव्हता. आठवडी बाजाराचा दिवस. धडधाकट तर गेलेच, पण ज्यांना चालवत नाही तेही कुणाच्या तरी गाडीवर बसून बाजाराला गेले होते. दुपारी परतणाऱ्या बायांना सालईच्या गोदामावर धूर दिसला. त्या धावत पोचेपर्यंत रसखोलीचं छप्पर खाली बसलं होतं. प्रफुल आत होता.

गावाचं नाव मी सांगणार नाही. धानोऱ्याहून आत, जंगलात आहे एवढं पुरे. त्या लोकांनी भोगायचं ते भोगलंय, आता आणखी पाव्हणे नकोत त्यांना.

मी कांता खोब्रागडे, त्या भागातल्या ठाण्याची फौजदार. शिपाई म्हणून लागले आणि घासत घासत इथवर आले. गुडघे कामातून गेलेत, जीभ मात्र अजून शाबूत आहे, असं माझे शिपाईच पाठीमागे म्हणतात. म्हणोत बापडे.

प्रफुलला मी चड्डीत असल्यापासून ओळखत होते. मूल गावात विहाराच्या मागच्या गल्लीत आमची घरं लागून. त्याची आई वच्छला राईस मिलमध्ये तांदूळ पाखडून पाखडून त्याला रसायनशास्त्र शिकवत होती. पोरगं शिकलं आणि पुण्या-मुंबईला न जाता या गावात आलं. ग्रामसभेला जंगलाचा हक्क मिळालेला, तिनं सालईचा डिंक गोळा करून औषध कंपनीला विकायचा धंदा सुरू केलेला, त्याची पारख करायला हा.

गेल्या हिवाळ्यात तो माझ्या स्वयंपाकघरात आला आणि माझे दोन चांगले चमचे त्यानं वाया घालवले. सालईचा डिंक म्हणजे काय हे त्याला मला समजवायचं होतं. त्यातून निथळलेला रस टर्पेंटाईनसारखा, तो रंगाच्या आणि वार्निशच्या कारखान्यात जातो. घट्ट राहतो त्यातून सांधेदुखीच्या गोळ्यांचं औषध निघतं. उरलेला चोथा उदबत्तीवाले नेतात. काही म्हणून फुकट जात नाही, मावशी, असं तो सांगत होता. मग त्यानं एका चमच्यात सालई घेतली, दुसऱ्यात राळ. राळ म्हणजे उत्तरेकडच्या पहाडातल्या चीड झाडाचा चीक, स्वस्त, दिसायला तसाच पिवळा. दोन्ही चमचे गॅसवर धरले. सालई फुगली, काळी पडली, कोळशासारखी चिकटून बसली. राळ मात्र पाण्यासारखी वितळली आणि गार झाल्यावर चमच्यात पिवळी काच तयार. भेसळ ओळखायची असली तर एवढंच करायचं, असं सांगून हसला आणि माझ्या गुडघ्यांसाठी गोळ्यांची एक बाटली ठेवून गेला.

तोच प्रफुल आता पडलेल्या छपराच्या कवेलूंच्या ढिगाखाली होता. बाहेर बाया बसलेल्या, रडण्याचा आवाजही नाही. मी गाडीतून उतरते न उतरते तोच एक म्हातारा पुढं आला. देवाजी तुलावी, गावातला सगळ्यात जुना डिंक काढणारा. त्यानं दोन्ही हात माझ्यापुढं धरले.

"बाई, मले न्या. माह्याच हातानं मेला तो."

२

देवाजीभाऊचं म्हणणं साधं होतं. रसखोलीच्या कोपऱ्यात त्यांचा पेन बसवलेला, म्हणजे त्यांचा देव, एक शेंदूर नसलेला दगड. त्याच्यापुढं देवाजी रोज धूप टाकायचा. त्या दिवशीही बाजारात न जाता टाकला. निखारा उडाला असेल, खाली टोपल्यांमधून निथळलेला रस होता, त्यानं पेट घेतला. आत प्रफुल आहे हे आपल्याला माहीत नव्हतं. चूक आपली, शिक्षा आपल्याला.

ऐकायला बरोबर होतं. रस कसा पेटतो ते मी पाहिलंय, काडी दाखवायचा अवकाश. पण देवाजी हे सांगत होता तेव्हा एकदाही माझ्याकडं बघत नव्हता. त्याची नजर त्याच्या मुलीवर, रिनावर होती. रिना गोदामात डिंक निवडायचं काम करते. ती कुंपणाला टेकून उभी, डोळे सुजलेले, आणि तीही बापाकडं बघत नव्हती. बाप-लेकीत काहीतरी पाणी मुरत होतं.

मग आला आदेश हलामी. ग्रामसभेचा सचिव, तिशीचा, बोलायला मऊ. देवाजी त्याचा सख्खा मामा. त्यानंच मला गोदाम दाखवलं. दोन खोल्या. आतली रसखोली, टोपल्यांत ठेवलेल्या डिंकातून रस निथळायला. बाहेरच्या खोलीत वजनकाटा आणि तोललेली पोती, शंखजिऱ्याची पूड लावलेली म्हणून पांढरी. डिंक एकमेकांना चिकटू नये म्हणून ती पूड लावतात. पोत्यांची थप्पी थेट रसखोलीच्या दारापर्यंत, देवाच्या दगडापासून हातभर अंतरावर. तिची एक बाजू फक्त होरपळली होती.

येताना मी डोंगरावरची सालई पाहिली होती. निम्मी झाडं वाळलेली. बुंध्यावर खाचा अशा खोल की आतलं लाकूड दिसावं. आदेशला मी त्याबद्दल विचारलं तर त्याचा चेहरा उतरला. लोक आता जास्त डिंकासाठी खोल मारतात, ऐकत नाहीत, असं तो म्हणाला.

"आमच्या घरची झाडं पयले मेली जी. दोन वर्षं झाले, आमच्या घरी कोनी कुऱ्हाड हाती धरली नाई."

आगीच्या वेळी तो कुठं होता? बाजारात, सगळ्यांसारखा. मामानं मुद्दाम नाही केलं, म्हातारा माणूस आहे, जरा सांभाळून घ्या, असं त्यानं हात जोडून सांगितलं. मला तो आवडला, खोटं कशाला सांगू.

देवाजीला मी ठाण्यावर नेलं. सकाळी कोर्टात उभं करायचं, कबुली हातात आहे, प्रकरण मिटलं, असं वरच्या साहेबांचं फोनवर म्हणणं होतं. संध्याकाळी प्रेत तपासणाऱ्या डॉक्टरचा फोन आला. प्रफुलच्या श्वासनळीत काजळीचा कण नव्हता. कवटी मागून फुटली होती, जड लाकडी वस्तूनं. आग लागली तेव्हा तो आधीच मेलेला होता.

३

अपघात संपला, खून सुरू झाला. आणि कबुली देणारा माणूस माझ्या कोठडीत बसलेला, पण डोक्यावर घाव बसलाय हे त्याला ठाऊकच नाही. मी चार वेळा वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारलं. प्रत्येक वेळी तोच निखारा, तोच धूप.

साहेबांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, मग खुनाचं कलम लावा, म्हातारा लपवत असेल. गावात आधीच कुजबुज होती की रिनाचं आणि प्रफुलचं जमलं होतं आणि बापाला ते पसंत नव्हतं. म्हणजे कारणही तयार. मी काही केलं नाही तर हा माणूस तुरुंगातच मरणार हे मला दिसत होतं. खरं सापडेपर्यंत तरी त्याला खुनी म्हणून पुढं करायचं नाही, एवढं मी मनाशी ठरवलं आणि साहेबांकडून थोडी मुदत मागून घेतली. त्यांनी नाराजीनंच दिली.

सकाळी मी परत गोदामात गेले. देवाच्या दगडापुढं एक मोठी कवेलू पडली होती. ती उचलली तर खाली मातीचं धुपाटणं, पालथ्या कवेलूनं अगदी झाकलेलं. आग वरून गेली पण आत हवा नव्हती. धुपाटण्यात विझलेले कोळसे होते आणि त्यांच्यावर काहीतरी पिवळं चकाकत होतं.

मी ते बोटानं टोकरलं. काच. निव्वळ, नितळ काच. फुगलेला काळा कोळसा कुठंच नाही.

पोरगं गेलं, पण जाताना मला चमचे दाखवून गेलं होतं.

ठाण्यावर येऊन देवाजीला मी विचारलं, धूप कशाचा टाकता? त्यानं कमरेची थैली काढून पुढं ठेवली. आत डिंकाचे खडे. ही सालई त्याच्या स्वतःच्या झाडांची. हंगामात प्रत्येक झाडाचा पहिला ओघळ विकायचा नाही, घरी मडक्यात ठेवायचा, तो देवाचा. मी एक खडा चमच्यात तापवला. फुगला, काळा पडला, चिकटला.

"थैलीतला संपला, तर गोदामातल्या पोत्यातला टाकता का कधी?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी देवळात चप्पल घालून शिरले. "तोललेलं देवाले चालत नाई, बाई. एकदा काट्यावर चढलं का ते घेनाऱ्याचं झालं. दुसऱ्याचं देवाले कसं द्याचं?"

"गावात सगळेच हे पाळतात?"

"जो इथी जन्मला तो पाळते. दारू पिऊन पडलेला असला तरी पाळते."

म्हणजे त्या दिवशी देवाजीनं धूप टाकलाच नव्हता. दुसऱ्या कुणी तरी त्याचा धूप रचला होता, आणि राळेनं. देवाजीभाऊ, तुम्ही खोटं बोलता आहात, कुणासाठी बोलता, असं मी सरळ विचारलं. त्यानं उलट मलाच विचारलं, रिना जेवली का? मला उत्तर मिळालं.

४

रिनाला मी तिच्या घरामागं गाठलं. बापानं कबुली दिली ती तुझ्यासाठी, हे मी तिला सांगितलं आणि ती बोलायला लागली. तिला वाटत होतं, बापानंच प्रफुलला मारलं. बापाला वाटत होतं, हिनं. दोघं एकमेकांना वाचवत बसलेले, आणि खरा खुनी मजेत फिरत होता. मला दोघांचाही राग आला आणि रडूही आलं.

ती बाजारातून लवकर परतली होती. प्रफुल रसखोलीत होता. त्यानं तिला सांगितलं, कंपनीला जाणाऱ्या मालात राळ सापडली. चमच्यात तापवून पाहिलं, शंकाच नाही. उद्या ग्रामसभेत सगळ्यांसमोर सांगणार.

"मी हात जोडले त्याले. म्हनलं, सांगू नको, कंपनी सोडून जाईन, आमच्या बायाईनं काय कराचं? तो म्हने, रिना, हे दुखन्याचं औषध आहे. म्हातारी मानसं घेतेत. त्याईच्या पोटात राळ घालून मी पगार कसा खाऊ?"

ती रडत बाहेर पडली. धूप टाकायला येणाऱ्या बापानं तेवढंच पाहिलं असणार आणि तो तसाच परत फिरला असणार.

राळ कुठून येते ते तिला पक्कं माहीत नव्हतं. पण अंकुश चिचघरे, मूलचा व्यापारी, ज्याच्या गाडीतून माल कंपनीला जातो, त्याच्या गाडीतून येताना कधीकधी एखादं पोतं उतरायचं. ते काट्यावर चढवायचं नाही अशी ताकीद असायची. बाहेरच्या खोलीत, मागच्या दाराशी, कोपऱ्यात ताडपत्रीखाली ठेवलेलं असायचं. आगीच्या दिवशी सकाळीही होतं.

आता तिथं काही नव्हतं. राखही नव्हती. कुणीतरी पोतं उचलून नेलं होतं.

५

अंकुश चिचघरे हा नाकानं कांदे सोलणारा माणूस. माझ्यासाठी चहा मागवला, बिस्किटं मागवली, आणि राळेचं नाव काढताच हात झटकले. मी त्याच्याच गाडीतल्या ताडपत्रीच्या घड्यांमध्ये अडकलेले पिवळे खडे त्याच्यासमोर ठेवले, तेव्हा त्याची पाचावर धारण बसली.

मग तो बोलला. राळ तोच आणायचा. पण आगीच्या वेळी तो बाजारात, गूळ आणि मिरची तोलत होता, निम्म्या तालुक्यानं पाहिलंय. ते खरं निघालं. आणि राळ मागवायचं कोण?

"प्रफुल," तो म्हणाला. "पारखी तोच होता ना मॅडम. त्याच्याबिगर भेसळ पास कशी झाली असती?"

मेलेल्या माणसाच्या गळ्यात काहीही मारता येतं. मी आदेशकडे गेले. त्यानं मान खाली घातली आणि सांगितलं, मलाही तसंच वाटत होतं, पण मेलेल्याबद्दल काय बोलायचं.

त्या दिवशी वच्छला ठाण्यावर आली होती. पांढरं लुगडं, हातात प्रफुलचा चष्मा, डॉक्टरांनी दिलेला. तिच्या कानावर हे गेलं होतं. गावातल्या कुणीतरी तिला तोंडावर सांगितलं होतं, तुमचा मुलगा भेसळ करत होता. ती माझ्यापुढं बसली आणि शांतपणे बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"कांता, मारलं कोनी ते तू शोधशीलच. पन त्यानं चोरी केली का, एवढं मले आधी सांग. म्हनजे मी त्याचा फोटो घरात लावू का नाई, ते ठरवतो."

"लाव," मी म्हटलं. पण पुरावा माझ्याकडे नव्हता.

रात्रभर मला एकच गोष्ट सतावत होती. खुनी रसखोलीत उभा आहे. प्रेत पायाशी आहे. देवाजीचा धूप रचायचाय. समोर हातभर अंतरावर तोललेल्या पोत्यांची थप्पी आहे, त्यातला मूठभर खरा डिंक घेतला असता तर धुपाटण्यात काळा कोळसा राहिला असता आणि मी आज काहीही सिद्ध करू शकले नसते. तो माणूस ती सगळी पोती ओलांडून मागच्या दाराशी गेला, ताडपत्री उचलली आणि राळ आणली. असा उलटा वळसा कोण घेतो?

अंकुशनं कधीच घेतला नसता. प्रफुल तर आधीच मेलेला होता. मग मला देवाजीचं बोलणं आठवलं, आणि मी अंथरुणात उठून बसले.

६

दुसऱ्या दिवशी मी गोदामात सगळ्यांना बोलावलं. रिना, आदेश, अंकुश, गावातल्या बाया, आणि शिपायांच्या पहाऱ्यात देवाजी. वच्छलाला मी खुर्ची दिली. पंचनाम्याचं निमित्त सांगितलं, पण आधी मेलेल्या पोराच्या नावानं प्रत्येकानं देवापुढं चिमूटभर धूप टाकावा, असं म्हटलं. आम्ही बौद्ध, आम्ही देव मानत नाही, पण ज्या गावात पोरगं मेलं त्याची रीत पाळू. वच्छलानं मान हलवली.

दगडापुढं नवं धुपाटणं, निखारे. शेजारी तोंड सोडलेलं तोललेलं पोतं.

अंकुश पुढं झाला, पोत्यात हात घातला, मूठभर डिंक निखाऱ्यावर टाकला, हात जोडले, मागं सरला. बायांमध्ये चुळबूळ झाली. रिनानं पदराच्या गाठीतून घरचा खडा काढून टाकला. देवाजीनं थैलीतून.

आदेश पुढं आला. त्यानं पोत्याकडं पाहिलं. हात पुढं केला आणि मागं घेतला. सगळे बघत होते.

"टाक ना," मी म्हटलं.

"माह्याकडं नाई जी."

"हा एवढा डिंक आहे की."

"हा तोललेला आहे."

"घरचा?"

घरी कुठून असणार, दोन वर्षं घरात कुणी झाडाला खाच मारली नव्हती. देवाचं मडकं रिकामं होतं.

मी त्याच्या अगदी जवळ गेले आणि हळूच बोलले, कारण गावासमोर ओरडायची मला लाज वाटत होती.

"आदेश, त्या दिवशीही असंच झालं ना? मामाचा धूप दाखवायचा होता. तोललेलं घ्यायला हात धजला नाही. न तोललेलं एकच पोतं होतं गोदामात, ते कुठं आहे हे तुला माहीत होतं. बाहेरच्या माणसानं जवळचं घेतलं असतं. इथल्या दुसऱ्या कुणाला राळेची गरज नव्हती, त्यांच्या घरी मडकी भरलेली आहेत. रीत पाळणारा, पण ज्याच्याकडं देवाला द्यायला स्वतःचं काही उरलं नाही, असा या गावात एकच आहे."

त्यानं खोटं बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. तिथंच, दगडाकडं बघत, बोलत सुटला. झाडं मरत होती. कंपनीला दर हंगामाला जास्त माल हवा होता, नाही दिला तर ती दुसऱ्या गावाला जाणार. लोक खोल खाचा मारत होते. त्यानं विचार केला, प्रफुलची पारख झाल्यावर, गाडी भरताना थोडी राळ मिसळू, तेवढी झाडं विसावतील. दोन-तीन हंगामात डोंगर परत उभा राहील, मग बंद करू. प्रफुलनं गोड बोलून सोडलं असतं तर त्यानं केलंही असतं.

"म्या त्याले म्हनलं, झाडाईसाठी करून राह्यलो. तो म्हने, झाडं मरते म्हनून बिमार मानसाईले फसवाचं काय? मंग माह्या हातात मोगरी होती."

मोगरी म्हणजे वाळलेला डिंक फोडायचा लाकडी ठोकळा. त्यानंतर आग लावली, राळेचं पोतं नाल्यात नेऊन बुडवलं, आणि आडवाटेनं बाजारात जाऊन उभा राहिला.

"आणि प्रफुलच चोर होता, हे?"

"ते अंकुशनं सांगितलं. म्या नुसतं हो म्हनलो."

वच्छला खुर्चीवरून उठली. मला वाटलं, त्याच्यावर धावून जाईल. पण ती पोत्यापाशी गेली, डिंकाचा खडा हातात घेऊन बघितला आणि परत ठेवला. "माह्या लेकरानं चोरी नाई केली," एवढंच ती म्हणाली, आणि ते सगळ्या गावानं ऐकलं.

७

खरं बोललं की सगळं चांगलं होतं, असं लहानपणी शिकवतात. कंपनीला राळेचं कळवावं लागलं, मीच कळवलं. तिनं करार मोडला. गोदामाला सील लागलं. त्या हंगामाचा डिंक बायांनी घरोघरी ठेवून दिलाय, घेणारा कुणी नाही. डोंगरावरची सालई मात्र आता शांत उभी आहे, कुणी खाच मारत नाही. आदेशला हवं होतं ते झालं म्हणायचं. त्याची आई मला शिव्या देते असं ऐकते. तिचं काही चुकत नाही.

अंकुश वकील लावून जामिनावर सुटला. त्याचं मी काय वाकडं करते ते अजून बघायचंय.

माझ्या गोळ्यांची बाटली फळीवर पडून आहे. त्यातली एक गोळी तापवून पाहावी असं दोनदा मनात आलं, पण हात पुढं झाला नाही. प्रफुलनं दिली होती, तेवढं पुरे.

देवाजीला सोडलं त्या दिवशी मी स्वतः त्याला गावापर्यंत सोडायला गेले. सोडलं म्हणजे काय, कोठडीतून सोडलं. बहिणीचा मुलगा आत गेला आणि लेकीचा माणूस मातीत, अशा घरी सोडलं. गावाबाहेर वाळलेल्या सालईपाशी त्यानं गाडी थांबवायला सांगितली. उतरून एका झाडाच्या खाचेवरून हात फिरवला. मग मला विचारलं, आदेशनं तोललेला डिंकच टाकला असता, तर काय झालं असतं?

"तर तुम्ही जन्मभर आत राहिला असता, देवाजीभाऊ. मला काहीच करता आलं नसतं."

त्यानं खाचेतला वाळका चीक नखानं काढून बाजूला टाकला.

"म्हनजे देवाले फसवाची हिंमत नाई झाली त्याची," तो म्हणाला. "मामाले फसवाची झाली."

मग तो गाडीत येऊन बसला आणि आम्ही गावात गेलो. रिना दारात उभी होती.